वीस झोके आणि तीन वर्षांचा आराखडा

६ जानेवारी १९७१, बुधवार. नगर

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. हीच ती वेळ. याच्या आधीचा मी वेगळा, यानंतरचा वेगळा. फिजिक्स लॅबच्या खिडकीतून जर्नल बाहेर भिरकावलं आणि पाठोपाठ मी बाहेर. मी दारातून, एवढाच फरक.

क्रमानं लिहून ठेवतो, नाहीतर आठवड्याभरात मीच ह्यात मीठमसाला घालीन.

सोमवारी साधा लंबक होता. दोऱ्याला गोळा बांधायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते बघायचं, त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा g काढायचा. रोल नंबर लागोपाठ म्हणून मी आणि विमल जूनपासून एका टेबलावर. (इथून पुढे वि.) नेहमी ती मोजते, मी स्टॉपवॉच धरतो. सोमवारी म्हटलं, आज मी मोजतो, तू घड्याळ धर. कारण इथे लिहायला हरकत नाही: निदान चाळीस सेकंद तिनं माझा आवाज कान देऊन ऐकावा. गोळा सोडला आणि तोंडातून 'एक'च्या ऐवजी 'लाभ' गेलं. खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लहानपणची सवय. वि. हसली. काय हसली! मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर मी ओठांवर बोट ठेवलं. मोजताना बोलायचं नसतं. पुढे दरवेळी मुद्दाम लाभच म्हटलं, ती हसावी म्हणून. पाच लांब्या घेतल्या, पाचही वेळा उत्तर १०८०च्या आसपास. पुस्तकात ९७८.

आज जर्नलं तपासायची होती. पाटणकर सरांनी माझ्या पानावर तांबडी फुली मारली. "चुकलंय. मागच्या वर्षीचं कुणाचं जर्नल बघ आणि नीट उतरव."

"सर, जे आलं ते लिहिलंय."

"जे यायला पाहिजे ते लिहितात."

सगळी लॅब हसली. इथवरही गिळलं असतं. पण शेजारी वि.चं जर्नल उघडं होतं. g = ९७९. टेबल एक, दोरा एक, गोळा एक, आणि हिचं ९७९! डोक्यात काय गेलं कळलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "तूपण चोरच निघालीस."

तिनं पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली फक्त.

मग खिडकी.


७ जाने.

रज्जाक सकाळपासून मागे लागलाय. आम्ही दोघं एका खोलीत राहतो, तो बी.कॉम.ला. त्याचं म्हणणं, "सरांची माफी माग, जर्नल उचलून आण, दोन मिनिटांचं काम आहे."

"पाच वेळा एकच उत्तर आलं, रज्जाक. चूक असती तर पाच वेळा वेगवेगळी आली असती."

"मला तुझा लंबक कळत नाही. तुझं डोकं कळतं. आणि त्या पोरीला काय म्हणालास ते सगळ्या कॉलेजला कळलंय."

ट्रंक भरतोय.


१२ जाने., गावी

आबा बैलांना पाणी दाखवत होते.

"सुट्टी कशाची?"

"सोडलं."

"काय सोडलं?"

"कॉलेज."

बैलांचं पिऊन होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "बरं. उद्यापासून गव्हाच्या पान्याची पाळी तुझी." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला सगळं तयार होतं बोलायला.

आई मात्र दर तासाला विचारते, "कुनी मारलं का रे तुला तिथं?"


२६ जाने.

गव्हाच्या वाफ्यांना पाण्याची दारं धरायला बांधावर उभा होतो तेव्हा आठवलं. कॉलेजच्या लायब्ररीत मागच्या कपाटात परदेशातल्या एका कॉलेजचं जाडजूड माहितीपुस्तक आहे, कुणीतरी दिलेलं, कव्हर फाटलेलं. दिवाळीआधी ते मी आणि वि.नं एकत्र चाळलं होतं. त्यांच्याकडे एकच पदवी. मुख्य विषय फिजिक्स आणि खगोलशास्त्र, आणि त्याच्याच बरोबरीनं तत्त्वज्ञान, इतिहास, वाङ्मय, एखादी परकी भाषा, चक्क संगीत. लिबरल आर्ट्स म्हणतात. कोणी विचारत नाही की तू आर्ट्सचा का सायन्सचा.

वि. तेव्हा म्हणाली होती, "तुला नुसतं फिजिक्स नकोय. तुला फिजिक्सचं 'का' हवंय. ते इथे शिकवत नाहीत." आजवर माझ्याबद्दल कोणी इतकं बरोबर बोललेलं नाही. आणि तिला मी चोर म्हणालो. पण आकडा तिनं उतरवलाच ना? उतरवलाच. मग?

पाणी पलीकडच्या वाफ्यात फुटून गेलं. आबांच्या शिव्या.

ठरलं. पदवी इथे नसेल तर मी मांडतो. नवी वही काढली आहे.


५ फेब्रु.

आराखडा, कच्चा.

पहिलं वर्ष: गतिशास्त्र, उष्णता, गणित. खगोल: नुसत्या डोळ्यांनी. सूर्य रोज कुठे उगवतो, चंद्र किती सरकतो, शुक्र. (सध्या पहाटे पूर्वेला आहे. दारं धरायला जातो तेव्हा पाण्यात दिसतो.) तत्त्वज्ञान: आपल्याला जे कळतं ते कसं कळतं. संस्कृत: जुनी ज्योतिषगणितं वाचण्यापुरतं. आणि वि.ला ते चांगलं येतं, तर तिच्याशी बोलताना तोंड पाडून बसावं लागू नये इतपत.

दुसरं वर्ष: प्रकाश, वर्णपट, गोलावरची त्रिकोणमिती. दुर्बीण स्वतः घासून करणे. इतिहास, पण राजांचा नाही, मोजण्याचा. माणसानं वेळ, अंतर, वजन कसं मोजायला घेतलं तो.

तिसरं वर्ष: अणू, तारे कशाने जळतात. जर्मन. एक मोठा निबंध, विषय स्वतःचा.

आणि अट: जर्नल उतरवून काढणाऱ्याला पदवी नाही.

हे शेवटचं वाक्य तीनदा गिरवलंय. कागद फाटला.


१५ फेब्रु., सोमवार

नगरला जाऊन आलो. आबांना सांगितलं, स्प्रेपंपाचा वॉशर आणायचाय.

ऑफिसातले हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, "आर्ट्स की सायन्स?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हणजे कॉमर्स?"

मागचे दोन शिपाई खोऽ खोऽ हसले. मी काउंटरवर मूठ आपटली. तर ते शांतपणे म्हणाले, "दौत सांडेल. प्राचार्य आत आहेत, त्यांच्यावर आपटा."

प्राचार्यांकडे गेलो. वाटलं होतं हाकलतील. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. मधे एकदा हसले. (संस्कृतचं ते वाक्य खोडायचं राहिलं होतं. मेलो.)

"ह्या पदवीचा माणूस पुढे करणार काय?"

"आकाश बघणार, सर."

"आणि जेवणार काय?"

मी वहीचा कोपरा मुडपला. मग ते म्हणाले, "हे बघ, विषयांची अशी सरमिसळ करायची तर विद्यापीठाची खास परवानगी लागते. मागता येते, कोणी मागत नाही इतकंच. तीन वर्षांचं सगळं मिळणार नाही. पण फिजिक्सबरोबर तत्त्वज्ञान आणि संस्कृत, एवढं मी पाठवून बघीन. पुन्हा एफ.वाय.ला बसावं लागेल. अर्ज चौदा जूनपर्यंत माझ्या टेबलावर हवा. विभागप्रमुखांच्या शिफारशीसकट."

"फिजिक्सच्या विभागप्रमुखांच्या?"

"हो. पाटणकरांच्या."

वही उचलली. नमस्कारसुद्धा केला की नाही आठवत नाही.

फाटकाशी वि. दिसली. निळी साडी, छातीशी वह्या. तिनं पाहिलं. थांबली नाही, वेगही वाढवला नाही. ओळखीचं झाड ओलांडावं तशी गेली.

वॉशर आणायचा राहिला.


१६ फेब्रु.

पाटणकरांची सही. म्हणजे ज्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं त्यांच्याकडे मी खऱ्याच्या पदवीसाठी सही मागायची. जमणार नाही. मरेन, पण जमणार नाही.

आबा: "वाशर?"


७ मार्च, रविवार

कोपरगावहून मामा आले. साखर कारखान्यात त्यांचा वट आहे. रसाची गोडी तपासायला लॅबमध्ये हाताखाली माणूस हवाय म्हणे.

"लॅबच की ती! नळ्या, काटे, समदं हाय. तुला आन् काय पायजे?"

"मामा, मला तारे बघायचेत."

"कारखान्याच्या गच्चीवरून बघ की. लई उंच हाय."

आबांनी मान खाली घालून हसू लपवलं. मी जेवणावरून उठलो. आईनं ताट झाकून ठेवलं. भूक लागली तसा परत येऊन खाल्लं. ह्या घरात रागसुद्धा पूर्ण करू देत नाहीत.


१४ मार्च

रज्जाक सायकलवरून आला. नगरपासून! वडिलांच्या दुकानातली नवी सायकल, म्हणे लांबवर चालवून बघायची होती. पिशवीतून माझं जर्नल काढलं. कडा चिखलानं तपकिरी झालेल्या.

"कोणी दिलं?"

"तिनंच. त्या दिवशी खाली जाऊन उचललं. मला म्हणाली, तो गावी गेला का? मी म्हटलं, हो. म्हणाली, मग कधी गेलास तर दे."

"अजून काय म्हणाली?"

"काही नाही."

"चेहरा कसा होता?"

"अरे, मी काय फोटोग्राफर आहे का?"

तो गेल्यावर लंबकाचं पान उघडलं. तांबड्या फुलीच्या खाली बारीक पेन्सिलीनं तिचं अक्षर: "लाभ कुठून धरलास? परत मोज. वि."

टोमणा! नगरची पोरगी. खळ्यावरच्या शब्दाला हसते. त्या दिवशी हसली तीपण त्यालाच. मी काय काय समजून बसलो होतो!

जर्नल चुलीत घालायला निघालो. आई म्हणाली, पुठ्ठा धूर करतो. परत ट्रंकेत.


२० मार्च

काही नाही. गहू काढणी. अंगात कुसळं.


२ एप्रिल

आराखडा वाचून बघितला. मूर्खपणा वाटतो. वि.ला दाखवला असता तर तिनं काय म्हटलं असतं, हे प्रत्येक ओळीशी ऐकू येतं. तिसऱ्या वर्षाच्या निबंधापाशी ती म्हणते, "आधी पहिलं वर्ष तर पास हो."

हे ती म्हणालेली नाही. मीच म्हणतोय, तिच्या आवाजात.


९ एप्रिल, शुक्रवार



आज ज्वारीची रास मोजली. मापाला म्हादूनाना, दरवर्षीप्रमाणे. खळ्यावर सगळे गप्प. नानांनी पायली राशीत खुपसली, भरली, हातानं सपाट केली, पोत्यात ओतली. ओतल्यावर म्हणाले, "लाभ." आणि दुसरी पायली भरेपर्यंत तेच पुटपुटत राहिले, लाभ, लाभ, लाभ. दुसरी ओतली. "दोन."

मी पोत्याचं तोंड धरून उभा होतो. पाचसहा पायल्या झाल्या असतील. आणि एकदम ते पेन्सिलीचं अक्षर डोळ्यांपुढे आलं. लाभ कुठून धरलास?

कुठून धरला? मी गोळा सोडला, तेव्हाच.

गोळा सुटला, अजून कुठे गेलाही नव्हता, आणि मी म्हटलं लाभ. तो जाऊन परत आला तेव्हा म्हटलं दोन. वीस म्हटलं तेव्हा झोके झाले होते एकोणीस.

पोत्याचं तोंड हातातून सुटलं. ज्वारी मातीत. नाना बोलू शकत नव्हते (आकडा विसरेल म्हणून) तर डोळ्यांनीच खाल्लं मला. आबा बोलले. ते इथे लिहीत नाही.


१० एप्रिल

गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. गोठ्याच्या आढ्याला दोरीनं टांगला. मामा घड्याळ विसरून गेलेत, त्याला सेकंदकाटा आहे. दोन्ही बैल बघत होते.

आधी माझ्या पद्धतीनं. सोडला, लाभ. उत्तर १०८४.

मग सोडताना शून्य म्हटलं. परत आल्यावर एक. उत्तर ९७६.

पाच वेळा केलं. पाच लांब्या. प्रत्येक वेळी शंभरएकचा फरक. म्हणून तर पाचही वेळा एकच येत होतं! चूक प्रत्येक वेळी तीच, तेवढीच, म्हणून खरी वाटली.

आणि वि.चं ९७९. ते उतरवलेलं नव्हतं. मंगळवारी ती एकटी लॅबमध्ये थांबली होती. मी खिडकीतून पाहिलं होतं आणि वाटलं होतं माझी वाट बघतेय! ती परत मोजत होती. बरोबर मोजत होती. सोमवारी मला सांगायलाच तोंड उघडलं होतं आणि मी ओठांवर बोट ठेवलं.

त्या सगळ्या लॅबमध्ये फक्त एका माणसानं खरोखर g मोजला. तिला मी चोर म्हणालो.


११ एप्रिल

जेवलो नाही. आज झाकलेलं ताटही उघडलं नाही.


१३ एप्रिल

एक गोष्ट मात्र सोडवत नाही. पाटणकरांनी फुली मारली, ठीक. चुकलंय म्हणाले, तेही बरोबर. पण त्यांनी एकदाही विचारलं नाही, "तू मोजलंस कसं?" एवढं विचारलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. म्हणाले, मागच्या वर्षीचं बघ. मी चुकलो म्हणून ते बरोबर होत नाहीत.

हे लिहून जरा बरं वाटलं. मग लक्षात आलं, मी तरी वि.ला विचारलं का, तुझं ९७९ कसं आलं?

बरं वाटणं संपलं.


२८ एप्रिल

वि.ला पत्र. चौथं. पहिलं सहा पानी, त्यात माझंच कौतुक निघालं. दुसऱ्यात पाटणकर. तिसऱ्यात मी तिला काय काय समजतो ते, वाचताना कान तापले. चौथं: "झोके एकोणीस होते. तू खरं मोजलं होतंस. मी सगळ्यांसमोर बोललो, तर मागायचं तेही सगळ्यांसमोर मागायला पाहिजे." हे बरं आहे. म्हणूनच पाठवता येत नाही. पोस्टानं पाठवलं तर सगळ्यांसमोर कसं होईल?


१८ मे, मंगळवार

अंगणात काठी रोवून महिनाभर दुपारची सावली मोजतोय. आराखड्यातलं पहिलं वर्ष, नुसत्या डोळ्यांनी. आज साडेबाराच्या जरा अलीकडे सावली नाहीशी झाली. काठीच्या पायाशी गोळा होऊन बसली. सूर्य बरोबर डोक्यावर.

आईला हाक मारली, "सावली बघ, गेली!"

आली, बघितलं, म्हणाली, "उन्हात हुबा राहून डोस्कं फिरलंय. आत ये." पण मग स्वतःच्या पायाशी वाकून बघितलं. एक पाऊल पुढे टाकलं, परत मागे. "अगं बाई. माझीबी न्हाई की."

चार महिन्यांत आज पहिल्यांदा वाटलं की हे मला खरंच हवंय. वि. असो नसो. म्हणजे वि. हवीच. पण हेही.


३ जून

दोन पत्रं एकदम.

मामा: नोकरी पक्की. सोमवार चौदा जूनला सकाळी अकराला हजर. त्या दिवशी नाही आलास तर दुसरा पोरगा घेतील, मला तोंड दाखवायला जागा ठेवू नकोस.

प्राचार्यांचं कार्ड, स्वतःच्या अक्षरात: अर्जाची मुदत १४ जून. वही आणावी. पाटणकरांशी मी बोललो नाही, ते तुझं काम.

एकच दिवस! कोणीतरी वर बसून मजा बघतंय. आकाशात तसं कोणी नाही हे सिद्ध करायला निदान पदवी तरी मिळू दे.


८ जून, मंगळवार

आबांनी विषय काढला. विहिरीवर बसलो होतो.

"तुझं ते मोजमाप कुठं चुकलं म्हनं? रज्जाक मागल्या खेपंला म्हनत हुता, गोळ्यावरनं भांडन झालं."

सांगितलं. गोळा, झोके, लाभ, सगळं. त्यांना कळेल असं वाटलं नव्हतं. दोनच ठिकाणी थांबवलं मला.

"म्हंजी आमी लाभ म्हनतो ते चूक?"

"नाही आबा. नाना पायली ओतून झाल्यावर म्हणतात. मी सोडतानाच म्हटलं."

आबा हसायला लागले. "लहानपनी तू तसंच करायचास. नानानं पायली राशीत खुपसली की वरडायचास, लाभ! नाना म्हनायचा, थांब रं पोरा, अजून पोत्यात पडू दे. ज्वारीत चालून जायचं ते."

मी विहिरीत खडा टाकला.

"काम व्हायच्या आदी मोजतोस तू," आबा म्हणाले. हसत नव्हते आता. "ती वही बी बघितली म्या. तीन वरसं मांडून ठिवलीस. आन् पयलं सोडून आलास."



शेवटी मीच विचारलं: "आबा, कोपरगाव का नगर?"

"मला इचारून सोडलं हुतंस का?"

"नाही."

"मग आता बी तूच ठरव. पर ठरवलं की माघारी येऊन 'कुनी हसलं' म्हनून सांगू नगंस. हसतीलच."


१३ जून, रविवार

रज्जाकचं पत्र कालच आलं. वि. पास, पहिला वर्ग. सोमवारी एस.वाय.ची प्रवेशाची गर्दी आहे, सगळे दहा वाजता फिजिक्सच्या व्हरांड्यात जमणार, ती, पाटणकर, झाडून सगळे. खाली त्यानं लिहिलंय, "सगळ्यांसमोर मागायचं असेल तर याहून जास्त माणसं जमणार नाहीत." चौथ्या पत्राबद्दल मी त्याला सांगायला नको होतं.

आज आराखडा पुन्हा लिहिला. स्वच्छ अक्षरात, अर्जाला जोडायला. जर्मन काढलं, मोठा निबंध काढला. दुसरं-तिसरं वर्ष दोन-दोन ओळी. पहिलं वर्ष चार पानं. पहिल्या सत्राला मथळा दिला: मोजणे. त्यात पहिला प्रयोग साधा लंबक. खाली माझी दोन्ही उत्तरं लिहिली, १०८४ आणि ९७६, आणि कशामुळे ते. "जर्नल उतरवणाऱ्याला पदवी नाही" ती ओळ खोडली. त्याऐवजी: "प्रत्येक उत्तराला, चूक असो वा बरोबर, विचारावे की कसे मोजलेस."

पाटणकरांना हे वाचायला द्यायचं. त्यांना ती ओळ टोचणार. सही नाही दिली तर? काढून टाकू का?

काढली. परत लिहिली. परत काढली. आता तिथे भोकच पडणार कागदाला.

ठेवली.


१४ जून, सोमवार. सकाळ

ढग. शुक्र दिसला नाही.

फाट्यावरून कोपरगावची एसटी साडेसहाला, नगरची पावणेसातला. कोपरगावची आत्ताच गेली, हॉर्न ऐकला. खाटेवर बसून ऐकला. मामा आता माझं तोंड बघणार नाहीत.

व्हरांड्यात काय म्हणायचं ते पाठ करून बघितलं. पहिलं वाक्य येतं. "मी सोमवारी चुकीचं मोजलं आणि बुधवारी चुकीचं बोललो." दुसऱ्या वाक्यापाशी वि. मान वर करते आणि पुढचं सगळं विसरायला होतं. ती कदाचित मान वर करणारही नाही. पाटणकर फुली मारतील, परवानगी येणार नाही, ते शिपाई पुन्हा खोऽ खोऽ हसतील. हे सगळं आजच कळायचंय, आणि मी मात्र इथे बसून एकेक आधीच धरत चाललोय. बस्स.

आई डबा देताना म्हणाली, "नगरलाच का? मग मामाला काय सांगू?"

"खरं सांग."

"त्ये काय हाय पर?"

आबा ओट्यावर दाताला मशेरी लावत बसलेत. माझ्या हातात ट्रंक नाही, नुसती पिशवी आणि जर्नल, हे बघितलं त्यांनी. जर्नलकडे बोट करून म्हणाले, "ते पुन्यांदा खिडकीतनं टाकू नगंस. लांबनं वाहून आनलंय पोरानं."

आणि थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत, "जाताना दार वढून घे. कुत्रं शिरतं."

वही मिटतो. बाहेर पडतो. दार ओढून घेतो.